दोन लाखांच्या गिटारला फीलर गेज लावून बघितलं

माझा भाचा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपतीत बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, कधी चंदगड. लग्नसराईत बोलावतील तिथं. गेलं वर्षभर त्याला एकाच गिटारनं पछाडलंय: फेंडरची अमेरिकन प्रोफेशनल टू स्ट्रॅटोकास्टर. केस धरून भाव सांगितलाय दोन लाखांच्या जरा आत. "मामा, तुम्ही एकदा बघून सांगा की, एवढ्या पैशाची आहे काय ती," म्हणाला. मला विचारायचं कारण असं की बेळगावच्या उद्यमबागेत माझी छोटी टूलरूम, म्हणजे धातूचे भाग अचूक मापात करायचं वर्कशॉप आहे आणि कॉलेजच्या गॅदरिंगात मीही रिदम वाजवायचो. दुसरं कारण तो बोलला नाही, पण निम्मे पैसे माझ्याकडून यायचे होते.

कॅम्पात एका ओळखीच्यांकडे हीच गिटार आहे. मुलगा नोकरीला बाहेरगावी, गिटार कपाटात. "पाडू नका तेवढं" असं बजावून त्यांनी विश्वासानं दिली. तिच्या शेजारी भाच्याची सध्याची गिटार ठेवली: त्याच आकाराची, इंडोनेशियात बनलेली, चाळीस हजारांच्या आसपासची. दोन्हींवर नव्या तारा चढवल्या, एकाच जाडीच्या. आवाजाची तुलना करायची तर तेवढं तरी हवंच. इंटरनेटवर अर्धे लोक जुन्या गंजक्या तारांवर निकाल देऊन मोकळे होतात.

सुरुवात मापानं केली. फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवर, नेकवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. तीन फ्रेटवर बसेल एवढी ग्राइंड केलेली सरळ पट्टी घ्यायची आणि एकेका फ्रेटवरून पुढं सरकवत न्यायची. मधला फ्रेट उंच असला की पट्टी डुगडुगते. अमेरिकन गिटारच्या बावीस फ्रेटवर ती कुठंही हलली नाही. नेकचा बाक फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, बघितला, पाव मिलिमीटर. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर. कंपनी कागदावर जे आकडे देते तेच हे, आणि ते कपाटात पडून राहिलेल्या गिटारवर, बेळगावचा एक पावसाळा काढल्यानंतर. मला इथंच तिच्याबद्दल आदर वाटला. भाच्याच्या गिटारवर दोन फ्रेट उंच निघाले. बाराव्याच्या पुढं तिसरी तार ओढली की ती खरखरते, हे तो मला किती दिवस सांगत होता. मला वाटायचं वाजवायची पद्धत चुकतेय त्याची.

मग कडा. अमेरिकन गिटारच्या फ्रेटबोर्डची कड गोलसर घासलेली असते आणि फ्रेटची टोकं तिच्यात मिसळून जातात. तळहात वरपासून खालपर्यंत ओढला तरी काही टोचत नाही. नेकची मागची बाजू चकचकीत नाही, साटिन आहे. जूनमध्ये घामट हवेत मंडपात उभं राहून वाजवणाऱ्याला याचं मोल कळतं. चकचकीत नेकला अंगठा चिकटतो. भाच्याच्या जुन्या गिटारची फ्रेटची टोकं फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर येतात. हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, धातू काही आकसत नाही, आणि कापलेल्या धातूची धारदार कड, बर, बोटाला लागावी तसं लागतं.

हे सगळं हाताचं काम आहे. सीएनसी मशीनवर नेक कापून निघतो, पण फ्रेट लेव्हल करणं, त्यांना परत गोलाई देणं, कडा मारणं, पॉलिश करणं यासाठी माणूस लागतो, आणि कॅलिफोर्नियात कोरोना गावी त्या माणसाचा तासाचा पगार माझ्याकडच्या कामगाराच्या दिवसाच्या हजेरीपेक्षा जास्त असणार. मिरजेला सतार घ्यायला गेलं की कोणी लाकडाचा दर विचारत बसत नाही, जवारी, म्हणजे घोडी घासून सूर खुलवायचं काम, कोणाच्या हातची हे विचारतात. तसंच आहे हे. दोन लाखांतला बराचसा पैसा या घासकामाचा आहे आणि तो मला रास्त वाटला.

लाकडाबद्दल मात्र लोक फार भक्तिभावानं बोलतात. अमेरिकन गिटारच्या फ्रेटबोर्डला शिसवी आहे, जुनीला 'इंडियन लॉरेल', म्हणजे आपला ऐन. दोन्ही झाडं खानापूरच्या रानात उभी आहेत. शिसवी महाग गिटारवर आणि ऐन स्वस्तावर, यात आवाजापेक्षा कायद्याचा भाग मोठा. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातभाईंना साइट्स कराराची, म्हणजे दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, कागदपत्रं लागू झाली, शिसवी लावलेली गिटार विकायला देशाबाहेर पाठवायची तर परवाना लागू लागला, तेव्हा कंपन्यांनी स्वस्त मॉडेलवर दुसरी लाकडं घेतली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली आणि शिसवी परत आली. ऐन जरा कोरडा दिसतो, तेल जास्त पितो. बाकी घन लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारवर या दोन पट्ट्यांतला फरक कानानं ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता माझ्या आवडीचा भाग. ट्रेमोलो ब्रिजच्या खाली एक ठोकळा असतो, तारा त्यातून वर येतात. अमेरिकन गिटारला तो कोल्ड-रोल्ड स्टीलचा, भरीव, जाडजूड. जुनीला जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव, पातळ. चुंबक लावला की लगेच कळतं. जाणकार म्हणतात स्टीलच्या ठोकळ्यानं स्वर जास्त टिकतो. बरं, टूलरूमवाल्याला असं सांगून गप्प बसवता येतं काय? इएन-८ स्टीलचा तुकडा पडलेलाच होता. जुना ठोकळा काढून मापं घेतली, तारांची सहा भोकं १०.५ मिलिमीटर अंतरानं, स्प्रिंगची भोकं, वरच्या प्लेटचे तीन टॅप, सगळं एका सेटिंगमध्ये व्हीएमसी मशीनवर मारून घेतलं. कडेला चँफर, वर जरा ब्लॅकनिंग. दिसायला कंपनीच्यापेक्षा देखणा झाला, हे मी नम्रपणे नमूद करतो. स्वर टिकण्यात फरक पडला असं मला वाटतंय, भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही केलाय म्हणून वाटतंय तुम्हाला." असेलही. पण गिटार जड आणि घट्ट लागायला लागली, हे त्यालाही मान्य.

फ्रेटही त्याच आठवड्यात करून टाकले. ग्राइंड केलेल्या चौकोनी पट्टीला एमरी चिकटवून दोन उंच फ्रेट बाकीच्यांच्या पातळीला आणले, गोलाई दिली, टोकं बारीक कानशीनं मारली, शेवटी बफिंग. खर्च म्हणाल तर एमरी पेपर आणि माझा रविवार. तिसरी तार आता खरखरत नाही. हे काम प्रत्येकाला घरी जमणार नाही, त्यामुळे 'स्वस्त गिटार घ्या आणि घासा' असा सल्ला मी सरसकट देणार नाही. बेळगावात ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, फिरवून देणारे आहेत, पण फ्रेट लेव्हल करायला बरेच वाजवणारे गोव्याला नाहीतर पुण्याला पाठवतात, जाऊन-येऊन महिना जातो. दूर राहणाऱ्याला कारखान्यातूनच नीट घासून आलेल्या गिटारचा फायदा पुणेकरापेक्षा जास्त आहे, हा मुद्दा महागड्या गिटारच्या बाजूनं जातो.

आवाजाचं बोलू. आधी शेडमध्येच वाजवून बघितलं, आणि तिथं दोघींनी सारखाच गोंधळ घातला. माझ्याकडं मोटारी, ड्राइव्ह, ट्यूबलाइटी, सगळं चालू. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तो तारेचं कंपन पकडतो तसा विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण, म्हणजे हमही पकडतो. दोन लाख दिले म्हणून तो थांबत नाही. पाच खुणांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र लागतात तिथं तो दबतो, आणि ते स्वस्त गिटारवरही होतं. हम नको असेल तर दोन कॉइल उलट-सुलट जोडलेला हंबकर घ्यायचा. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी तो १९५५ साली शोधला. मंडपात डिमर आणि एलईडीच्या पाट्यांशेजारी उभं राहणाऱ्यानं याचा विचार ब्रँडच्या आधी करावा.

घरी शांततेत, चांगल्या ॲम्पमधून, अमेरिकन गिटार खरंच गोड वाजते. वरचे स्वर टोचत नाहीत, नेकच्या पिकअपवर एकेक सूर सुटा ऐकू येतो. आवाज कमी केला की ती बोदी होत नाही, कारण व्हॉल्यूमवर ट्रेबल-ब्लीड सर्किट आहे. गायक आला की भाचा बटण खाली घेतो, त्यामुळे हे त्याच्या रोजच्या कामाचं. पण ते सर्किट म्हणजे एक छोटा कपॅसिटर आणि एक-दोन रेझिस्टर. सोल्डरिंग येणारा कोणीही मुलगा जुन्या गिटारमध्ये बसवून देईल. टोनच्या एका बटणात दाबायचं स्विच लपवलंय, दाबलं की ब्रिजच्या पिकअपला नेकचा पिकअप जोडला जातो. छान आहे, भाच्याला फार आवडलं, कार्यक्रमात कितीदा वापरेल देव जाणे.

आणि मुख्य गोष्ट. ऑर्केस्ट्रात हा मुलगा ॲम्प वापरतच नाही. गिटार प्रोसेसरमध्ये, प्रोसेसर थेट मिक्सरला, मिक्सरवरून मंडपातल्या टॉपला, म्हणजे मोठ्या स्पीकरला. त्यावर ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड आणि नाचणारी गल्ली. आम्ही सरावाच्या जागी दोन्ही गिटारी त्याच साखळीतून वाजवल्या, मिक्सरवाल्याला पाठ करून बसवलं. त्यानं पहिल्यांदा डोकं हलवून "ही नवी" म्हणून जी सांगितली ती जुनी होती. पुढं बरोबरही ओळखली, परत चुकला. भाच्याचा प्रोसेसर जुना आहे, त्यातल्या स्पीकरच्या नकला अगदीच पत्र्यासारख्या वाजतात. मी त्याला स्पष्ट सांगितलं की पंचवीस-तीस हजारांचा बरा प्रोसेसर घेतलास तर मंडपातल्या माणसाला आज फरक कळेल.

एक गोष्ट खटकली. एवढ्या किमतीत लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार पकडून ठेवणाऱ्या खुंट्या, नाहीत. यामाहाची पॅसिफिका ६१२ हिच्या निम्म्याहून कमी किमतीत येते, तिच्यावर ग्रोव्हरचे लॉकिंग ट्यूनर, सेमूर डंकनचे पिकअप आणि ब्रिजकडे हंबकर. मंडपात तार तुटली की दोन गाण्यांच्या मधे ती बदलायची असते; तिथं लॉकिंग ट्यूनर असेल तर निम्मा वेळ वाचतो. फेंडरवाल्यांना जुनं रूप सांभाळायचं असतं, समजू शकतो. पण १९५४ साली ही गिटार काढणारा लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवताही येत नव्हती. नेक चार स्क्रूंवर लावला, बिघडला तर काढून दुसरा बसवता यावा म्हणून. त्याच्या हातात आज कारखाना असता तर त्यानं ते ट्यूनर केव्हाच लावून टाकले असते, असं आपलं मला वाटतं.

मधला रस्ताही आहे. फेंडरचाच दुसरा कारखाना मेक्सिकोत एन्सेनाडाला. तिथली प्लेअर टू ही मालिका २०२४ मध्ये आली, तिला शिसवीचा फ्रेटबोर्ड आणि गोलसर कडा दोन्ही दिल्यात, किंमत जवळपास निम्मी. मी ती हातात घेऊन मापलेली नाही, त्यामुळे फ्रेटबद्दल बोलत नाही. पण ज्या कडेसाठी मी अमेरिकन गिटारची एवढी तारीफ केली ती आता निम्म्या पैशात मिळतेय, हे घेणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

हिशेबाला बसलो तेव्हा बहीण चहा घेऊन आली आणि तिथंच ऐकत बसली. भाच्याला एका कार्यक्रमाचे दोन-अडीच हजार मिळतात, तेही हंगामात. दोन लाख म्हणजे ऐंशी-शंभर कार्यक्रम. "एवढ्यात आमचा वरचा स्लॅब पडतोय की रे," बहीण म्हणाली. भाचा म्हणाला की अमेरिकन फेंडर विकताना किंमत देते. बरोबर आहे, पण बेळगावात विकत घेणार कोण? गिऱ्हाईक गोव्यात किंवा बंगळूरला, आणि गिऱ्हाईकाला घाई नसते, आपल्याला असते.

माझा निकाल मी त्याला जसा सांगितला तसाच लिहितो. कोणी घरी बसून वर्षानुवर्षं वाजवणारा असेल, चांगला ॲम्प आधीच असेल, तर या गिटारला नावं ठेवायला जागा नाही. नेकसाठी एवढे पैसे द्यावेत अशी ती आहे. तुझ्यासारख्या मंडपात वाजवणाऱ्याला नवी घ्यायची नाही. आधी प्रोसेसर घे. जुनी गिटार आता मापात आहे, तिला ट्रेबल-ब्लीड आणि लॉकिंग ट्यूनर मी बसवून देतो.

तो हिरमुसला, आणि मलाही त्या नेकचा मोह झाला होता हे खोटं नाही. म्हणून एक सूट ठेवलीय. वापरलेली अमेरिकन मिळाली, एक लाख वीसच्या आत, मूळ केससकट, तर माझा वाटा पक्का. मात्र पहिल्या पाच फ्रेटवर पातळ तारांखाली खाचा पडल्यात काय ते उजेडात धरून बघायचं. ट्रस रॉड दोन्हीकडं फिरतो का बघायचं, एकाच बाजूला अडकलेला असेल तर उठून यायचं. नेक काढून पॉकेटमध्ये कोणी कागदाचे तुकडे घातलेत काय तेही बघायचं. आणि गोव्यात कोणी दाखवतो म्हणाला तर एकटा पैसे घेऊन जायचं नाही. मला आदल्या दिवशी सांग, फीलर गेज घेऊन चोर्ला घाटानं सकाळी लवकर निघू.