७२ सीसीची चेनसॉ म्हणून घेतली, सिलिंडर उघडला तर ५२.५ सीसी

मोठे बुंधे पाडायला ‘७२ सीसी, २४ इंची बार’ (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) आणि झाडावर चढून कापायला ‘३५ सीसी टॉप हँडल’, म्हणजे वरच्या बाजूला मूठ असलेली छोटी करवत, अशी जोडी ऑनलाइन एकाच विक्रेत्याकडून घेतली. पूर्ण रक्कम आगाऊ. हातात पडलं ते ५२.५ सीसी आणि २५.४ सीसी, बार २० इंची. छदामही परत मिळालेला नाही. खोटे पाच तारे, ‘शेवटचे ३ नग’, उलटा पळणारा घड्याळाचा काटा हे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर शाई वाया घालवत नाही. चेनसॉमध्ये नेमकं कुठे आणि कसं फसवतात तेवढं सांगायचं आहे.

जाड, कठीण बुंध्यात बार अर्धा आत गेला की चेन अडायची. क्लच गरम, क्लचचा ड्रम निळा. एअर फिल्टर साफ केला, कार्ब्युरेटर लावून पाहिला, चेनला नवी धार दिली, डेप्थ गेज, म्हणजे दात किती खोल कापेल ते ठरवणारे उंचवटे, तपासले. फरक शून्य. शेवटी सिलिंडर उतरवला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४५ मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरकतो ते अंतर, क्रँककेसच्या सपाट तोंडापासून मोजलं तर ३३ मिमी. सेंटिमीटरमध्ये मांडा (०.७८५४ म्हणजे पाय भागिले ४): ४.५ × ४.५ × ०.७८५४ × ३.३ = ५२.५. छोटीचं: ३.४ × ३.४ × ०.७८५४ × २.८ = २५.४. प्लगच्या भोकातून काडी घालून स्ट्रोक मोजायचा शॉर्टकट वापरू नका. बऱ्याच मशीनमध्ये ते भोक तिरकं असतं, आकडा चुकतो आणि विक्रेता नेमकं तेच धरून बसतो.

आता जे आठवलं की अजूनही डोकं फिरतं ते. जाहिरातीच्या चौथ्या फोटोत मशीनच्या पोटाशी चिकटवलेली पाटी दिसत होती आणि तिच्यावर छापलं होतं २.२ किलोवॅट. शीर्षकात होतं ४.८ एचपी. २.२ किलोवॅट म्हणजे ३ एचपी! विक्रेत्याने स्वतःचं खोटं स्वतःच्याच फोटोत उघडं टाकलं होतं. एवढंही नको, नुसता भागाकार पुरला असता. चांगली व्यावसायिक चेनसॉ दर सीसीमागे साधारण ६० वॅट देते. स्टिल एमएस २६१ पाहा: ५०.२ सीसी, ३.० किलोवॅट. एमएस ४६२: ७२.२ सीसी, ४.४ किलोवॅट. हस्क्वर्ना ५७२ एक्सपी: ७०.६ सीसी, ४.३ किलोवॅट. घरगुती दर्जाची मशीन चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास राहतात. आमच्या पाटीवरचे २२०० भागिले ७२ केले की येतात ३०.६ वॅट. इतकं मरतुकडं ७२ सीसी इंजिन कोण बनवेल? तेच २२०० भागिले ५२.५ केले की ४१.९, म्हणजे स्वस्त घरगुती मशीनचा अगदी नेहमीचा आकडा. पाटी खरं बोलत होती. कवचावरचा ‘७२’ नुसता रंग होता.

हे आधी का नाही दिसलं, असं विचारणारे भेटतात. शीर्षकात एचपी, पाटीवर किलोवॅट, आणि पाटीचा फोटो टिचभर, हा योगायोग नसतो. शिवाय ४५, ५२, ५८, ६२ असे वेगवेगळे आकडे लावलेली ही मशीन बहुतेक एकाच कवचात येतात. बाहेरून पाहून मुरलेल्या मिस्त्रीलाही सीसी सांगता येणार नाही. सिलिंडर उघडला की वॉरंटी रद्द, न उघडला तर पुरावा नाही. खरेदीआधी कोणी सिलिंडर उघडून पाहतं का?

वजन मात्र तराजूवर लगेच कळतं. बार आणि चेन सोडून एमएस ४६२ ६.० किलो भरते, ५७२ एक्सपी ६.६. आमचं ‘७२ सीसी’ ५.४ किलो भरलं. विक्रेत्याचं उत्तर: नवीन तंत्रज्ञान, म्हणून हलकी! मोठं इंजिन स्वस्तही आणि हलकंही मिळत असेल तर ते मोठं नाही एवढं समजा.

बारची लबाडी याहून सोपी. २४ इंच हे माप बारच्या शेपटापासून टोकापर्यंतचं होतं. शेपटाचा भाग मशीनच्या आत जातो, तो कापत नाही. बार बसवल्यावर बंपर स्पाइकच्या, म्हणजे मशीनच्या तोंडाशी असलेल्या दात्यांच्या, मुळापासून टोकापर्यंत जे उरतं तेच खरं माप. चेनच्या ड्राइव्ह लिंक, म्हणजे बारच्या खाचेत फिरणारे दुवे, मोजा, शंका फिटेल: आमच्या चेनमध्ये .३२५ पिचच्या (पिच म्हणजे दुव्यांच्या अंतराचं इंचातलं माप) ७६ लिंक होत्या, म्हणजे सरळ २० इंची. ३/८ पिचच्या २४ इंची बारला सहसा ८४ लागतात. पिच तपासायची तर लागोपाठ तीन रिव्हेटांचं अंतर मोजून त्याचं निम्मं करा. १६.५ मिमी अंतर आलं तर .३२५, १९ मिमी आलं तर ३/८. सत्तर सीसीच्या मशीनला .३२५ची चेन दिसली की तिथेच थांबायचं.

‘थोडी लहान निघाली तर काय बिघडलं, दोन्ही बाजूंनी काप’ म्हणणाऱ्यांसाठी. बुंध्याच्या व्यासापेक्षा बार निदान दोन इंच जास्त असला की एका बाजूने सरळ काप घेता येतो. लहान बारने दोन्ही बाजूंनी कापता येतं, जवळपास दुप्पट व्यासापर्यंत. पण मग दोन काप एका पातळीत जुळवावे लागतात. ९० सेंमीच्या बुंध्याला बिजागरी, म्हणजे मधे न कापता ठेवायची पट्टी, साधारण ९ सेंमी जाड हवी. काप वरखाली झाले की ती एका बाजूला पातळ राहते आणि झाड फिरतं. मशीन कमजोर असेल तर आणखी वाईट. पुढे झुकलेल्या झाडात मागचा काप रेंगाळला की झाड अर्ध्या कापावरच पडायला लागतं आणि बुंधा उभा चिरून मागे उसळतो. तिथेच कापणारा माणूस उभा असतो. म्हणून झुकलेल्या झाडात बिजागरी सोडून आधी आरपार भोसकून काप घेतात आणि मागची पट्टी शेवटी सोडतात. भोसकायला टोकाशी ताकद लागते. ५२ सीसीवर २४ इंची बार चढवला तर टोकाला ना वेग राहतो ना पुरेसं तेल पोहोचतं. बारच्या कडा निळ्या पडतात.

ढोबळ माप सांगतो. ५० सीसीला १६ ते २० इंच, ७० सीसीला २० ते २८, ९० सीसीला २५ ते ३६. लाकूड कठीण आणि वाळलेलं असेल तर खालचा आकडा धरा. बुंध्याचा घेर मोजून ३.१४ ने भागा म्हणजे व्यास मिळेल. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी भरतो.

दुसरी मशीन, टॉप हँडल. इथे सीसी कमी निघाल्याचं दुःख नाही. फांद्यांच्या कामाला चांगलं २५ सीसीचं मशीन पुरतं, एको सीएस-२५११टी तर त्याच मापाचं आणि २.३ किलोचं आहे. आमचं २५.४ सीसी ३.४ किलो भरलं. जाडसर कामाला ३५ सीसी हवं असतं, एमएस २०१टी त्या वर्गातलं, १२ ते १४ इंची बारचं. पण खरा राग ब्रेकचा आहे. आमच्या मशीनचा चेन ब्रेक खट्कन वाजायचा आणि चेन फिरतच राहायची. आयडलवरही, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असतानाही, चेन सरकायची; आयडलचा स्क्रू कमी केला की इंजिन बंद. दोर अडकवायची कडी प्लास्टिकच्या कवचावर एका स्क्रूने लावलेली. हार्नेसवर लटकलेल्या माणसाच्या मांडीशी हे लोंबकळणार! तपासणी जमिनीवरच करा: ब्रेक लावून क्षणभर पूर्ण थ्रॉटल द्या, चेन जागची हलता कामा नये. ब्रेक सोडून आयडलवर ठेवा, तरीही हलता कामा नये. कडीला मशीन टांगून हिसका द्या. यातलं एक जरी चुकलं तरी ते मशीन झाडावर न्यायचं नाही. आणि टॉप हँडल एका हाताने चालवण्यासाठी असते असं जाहिरातीतल्या व्हिडिओत दाखवतात, तो विकणाऱ्याचा नालायकपणा आहे. वर कापताना दोन्ही हात करवतीवर, आणि अंगाला दोन बांधण्या: चढायचा दोर आणि बुंध्याभोवतीचा तारेच्या गाभ्याचा पट्टा. मोठी रिअर हँडल (मागे मूठ असलेली करवत) वर न्यायचीच झाली तर वेगळ्या दोराला.

आता तक्रारीचं. विक्रेत्याने आधी १० टक्के परत देऊ केले, मग २०, मग ३५, ‘मशीन तुमच्याकडेच ठेवा’. ही घासाघीस परतीची मुदत संपेपर्यंत ओढण्यासाठी असते. मुदत संपली त्या दिवशी उत्तरं बंद. विक्री करणाऱ्या साइटने लिहिलं, वस्तू फोटोप्रमाणेच आहे. फोटोप्रमाणे आहेच, खोटा आकडाही फोटोप्रमाणेच आहे! दुसरं कारण, टाकीत पेट्रोल घातलं म्हणून माल ‘वापरलेला’. पेट्रोल न घालता चेनसॉ कशी तपासायची, याला उत्तर नाही. बँक म्हणाली, पार्सल पोहोचलं ना, मग व्यवहार पूर्ण. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली आहे, फसवणूक कसली, दिवाणी मामला. ग्राहक तक्रार खात्याने विक्रेत्याचा पत्ता मागितला. पावतीवरचा पत्ता गोदामाचा, तिथे त्या नावाचं कोणी नाही. मग म्हणाले, पत्ता नाही तर नोटीस कोणाला? पत्ता शोधणं हे ज्यांचं काम तेच आम्हाला पत्ता विचारतात. बोअर-स्ट्रोकच्या मोजमापाचे फोटो जोडले तर शेरा आला की मोजमाप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं हवं. चार बोल्ट काढून कॅलिपर लावायला प्रयोगशाळा! खिडकीमागच्या एकानेही कॅलिपर हातात घेऊन पाहिला नाही. आणि ब्रेक न लागणाऱ्या करवतीबद्दल कोणत्याच अर्जात रकाना नव्हता, त्यामुळे त्याची दखलच नाही. मधल्या काळात तेच मशीन त्याच फोटोंसह ‘८० सीसी’ नावाने विकायला आलं.

म्हणून पेटी उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, त्यातच वजन, लिंक आणि पाटी दाखवा, पेट्रोल घालायच्या आधी. टक्क्यांची घासाघीस सुरू झाली की पहिल्याच निरोपाला परतीचा अर्ज टाका. विक्रेत्याला पाठवायचे प्रश्न: बोअर किती, स्ट्रोक किती, किलोवॅट किती आणि किती आरपीएमला. ‘प्रोफेशनल क्वालिटी’ असं उत्तर आलं की पुढे जा. जुनं पण खरं ७० सीसी मशीन या नव्यापेक्षा परवडतं, मात्र घेताना मफलर काढून पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का ते बघा.

५२.५ सीसीचं मशीन २० इंची बारवर पडलेले ओंडके तोडायला ठेवलं आहे, त्यापलीकडे त्याच्या हाती काही देणार नाही. टॉप हँडल भंगारात, तीही अख्खी नाही. अख्खी गेली तर कोणीतरी दुरुस्त करून विकेल आणि दुसरा कोणीतरी ती घेऊन झाडावर चढेल. आधी क्रँककेस फोडला.