‘म्युझियम क्वालिटी’ प्रिंट : पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

अमेरिकी अमूर्त चित्रकर्ती हेलन फ्रँकेंथेलर यांच्या ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) या चित्राचे प्रिंट ठाण्याच्या घरातील बैठकीच्या खोलीसाठी ऑनलाइन मागवले. विक्रेत्याने ते ‘म्युझियम क्वालिटी’ म्हणून विकले असले, तरी या बिरुदाला कोणतेही सर्वमान्य प्रमाणपत्र लागत नाही; त्यामुळे कागद, शाई आणि हक्कधारकाची परवानगी यांचा वर्णनात स्पष्ट उल्लेख आहे का, हे तपासूनच पैसे भरावेत. येथे ३०८ जीएसएमचा (म्हणजे प्रति चौरस मीटर ३०८ ग्रॅम वजनाचा) आम्लविरहित सुती कागद, पिगमेंट शाई (रंगद्रव्याच्या कणांची शाई) आणि चित्रकर्तीच्या फाउंडेशनचा हक्कोल्लेख, असे तिन्ही नमूद होते.

छपाई उत्तम आहे. भिंगातून पाहिल्यावर ऑफसेट पोस्टरवर दिसणारी ठिपक्यांची वर्तुळाकार नक्षी कुठेही आढळली नाही. फिकट गुलाबी आणि निळ्या डागांच्या कडेने तेल पसरून झालेली तपकिरी किनार, कोळशाच्या घाईघाईने ओढलेल्या रेषा, इतकेच नव्हे तर कोऱ्या कॅनव्हासची वीणसुद्धा छापून आली आहे. अर्थात हे चित्रही प्रिंटला मानवणारेच! फ्रँकेंथेलर यांनी पातळ केलेला तैलरंग जमिनीवर अंथरलेल्या, प्रायमरचे अस्तर न लावलेल्या कॅनव्हासवर ओतला, त्यामुळे तो पृष्ठभागावर न साचता कापडात मुरला. मॉरिस लुईस आणि केनेथ नोलँड या अमेरिकी चित्रकारांनी १९५३ मध्ये हे चित्र पाहून तीच वाट धरली. मुरलेल्या रंगाचा हा मऊ, चकाकी नसलेला पोत सुती कागदावर बराचसा टिकतो. याउलट, भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले थर असतात, आणि सपाट कागदावर त्यांतला प्राणच हरवतो. त्यांचे प्रिंट कितीही महागड्या कागदावर मिळाले, तरी मी घेणार नाही.

आकाराचे काय, हा प्रश्न मात्र सुटत नाही. मूळ चित्र सुमारे २२० × २९८ सेंटिमीटरचे आहे आणि आमचे प्रिंट २४ × ३२ इंचांचे, म्हणजे क्षेत्रफळाने जेमतेम तेरावा हिस्सा. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यास रंग आपल्याला वेढतो. प्रिंटमध्ये तो चौकटीत गुमान बसून राहतो. म्हणून भिंतीवर मावेल तेवढा मोठा आकार घ्यावा आणि गरज पडल्यास बजेटमधून फ्रेमची नक्षी कमी करावी.

खरी तक्रार फ्रेमबद्दल आहे. सोबत आलेल्या साध्या काचेत समोरची खिडकी, पडद्यासकट, चित्राच्या मधोमध दिसत असे, आणि पाठीमागचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) पावसाळ्याच्या दमट हवेत फुगून कागदाला लाट आली. स्थानिक फ्रेमवाल्याकडून परावर्तन न करणारे, अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक, आम्लविरहित माउंट आणि नवी पाठ बसवून घेतली. चित्र भिंतीला टेकू नये म्हणून खालच्या कोपऱ्यांना रबरी बुच्या लावल्या. या कामाला प्रिंटच्या किमतीच्या जवळपास निम्मा खर्च आला. हा विक्रेता फ्रेमशिवाय, नळकांड्यात गुंडाळलेले प्रिंटही पाठवतो आणि मुंबई परिसरातल्या ग्राहकाने तोच पर्याय निवडावा. कॅनव्हासवर छापून वार्निश मारलेला प्रकार त्याहून स्वस्त असला, तरी त्याची चकाकी या चित्राला अजिबात शोभत नाही.