पॅनिक अटॅकसाठी सीबीटी: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. पॅनिकवर, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांवर, सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा) उपयोग होतो, पण ती सुखाची थेरपी नाही. तासभर मन मोकळं करून हलकं वाटेल म्हणून जाणार असाल तर हिरमोड होईल. इथे गृहपाठ असतो, आणि गृहपाठात मुद्दाम घाबरायचं असतं.

माझा त्रास नाशिककरांना लगेच कळेल. राहतो इंदिरानगरला, कामाला आडगावकडे. मधला सरळ रस्ता म्हणजे हायवेचा उड्डाणपूल. पुलावर चढलो की छातीत धडधड, हाताला मुंग्या, ‘आता गेलो’ ही खात्री. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. मग पूल सोडून खालून जायला लागलो. द्वारका चौकाच्या कोंडीत रोज कोण आपखुशीने शिरतं? मी शिरायचो. आई म्हणाली, दृष्ट काढू. काढलीही.

पहिल्या समुपदेशकांनी कृतज्ञता आणि ध्यान यांवर व्याख्यान दिलं, पैसे घेतले. दुसऱ्या ठिकाणी जाताना आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, हे विचारूनच गेलो. तुम्हीही विचारा, त्यात कुणाचा अपमान नाही.

या मॅडमनी कागदावर एक गोल काढला: धडधड, मग ‘हार्ट अटॅक आलाय’ हा विचार, त्याने भीती, भीतीने आणखी धडधड. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे चक्र. मग विचारलं, “पुलावर जाताना सोबत काय काय असतं?” पाण्याची बाटली, खिशात सॉर्बिट्रेट (हृदयविकाराची जिभेखाली ठेवायची गोळी), बायकोचा नंबर स्क्रीनवर तयार, आणि यूट्यूबवर शिकलेले लांब श्वास. त्या म्हणाल्या, “दर वेळी तुम्ही सुखरूप बचावता, आणि श्रेय बाटलीला जातं.”

माझ्या मते सगळ्या थेरपीचा गाभा हाच. दीर्घ श्वसन वाईट नाही, पण पॅनिकमध्ये ते कुबडी होऊन बसतं. अटॅक सहसा दहाएक मिनिटांत शिखर गाठतो आणि आपोआप उतरतो. सारखा श्वास मोजत बसलं तर हे कळायची संधीच मिळत नाही.

मग सुरू झाले विचित्र व्यायाम. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा. ऑफिसच्या खुर्चीत गरगर फिरायचं. जिना पळत चढायचा. तीच धडधड, तीच चक्कर, पण आपण आणलेली. आमच्या चिरंजीवांना हा खेळ वाटला, तो शेजारी उभा राहून सेकंद मोजायचा. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.) त्यानंतर पूल: आधी रविवारी सकाळी, बायको शेजारी; मग एकटा; मग बाटली घरी ठेवून; शेवटी संध्याकाळच्या गर्दीत.

विचारांची वही कंटाळवाणी, पण सोडू नका. प्रसंग, विचार, त्यावर विश्वास किती टक्के, बाजूने पुरावा, विरोधात पुरावा. ‘हार्ट अटॅक’ला मी सुरुवातीला नव्वद टक्के द्यायचो. विरोधी रकान्यात ‘काल जिना पळत चढलो’ असं स्वतःच्या अक्षरात दिसलं की आकडा खाली यायचा. मोबाइल ॲपपेक्षा शंभर पानी वही बरी. ॲप उघडलं की व्हॉट्सॲपही उघडतं.

स्नायू आवळून सैल सोडायची जेकबसन पद्धत झोपेला चांगली, पुलावर काही कामाची नाही. ‘काळजीची वेळ’, म्हणजे दिवसभरच्या चिंता संध्याकाळच्या ठरलेल्या अर्ध्या तासात करायच्या, हा प्रकार मला जमला नाही. बायकोला जमला, तिला तर थेरपी नव्हतीच.

गोळ्याही चालू होत्या. त्या मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर देतात, मानसशास्त्रज्ञ नाही. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत.

पैशांचं म्हणाल तर खिशाला चाट बसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे सेशनचा एक रुपया परत आला नाही. सध्या परवडत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर वही-बिही नंतर, आधी तिथे फोन करा किंवा थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

अटॅक पूर्ण थांबलेत असं नाही, अधूनमधून येतो. पूल मात्र रोजचा झाला. लिफ्टची भीती अजून बाकी आहे, पुढच्या सेशनपासून तेच धरणार.