यूट्यूब पार्टनर प्रोग्रॅम: नाशिकच्या वेब सिरीजवाल्यांना कितपत परवडतो?

नाशिकमध्ये चार जण मिळून सिरीज काढायची म्हटली की बोलणं कॅमेऱ्यापासून सुरू होतं आणि पैशांवर आलं की कुणीतरी म्हणतं, ‘यूट्यूबवर टाकू, मॉनेटाइज होईल.’ तर हे परीक्षण त्या मॉनेटाइजचं, म्हणजे चॅनलला व्हिडिओतून पैसे मिळवून देणाऱ्या यूट्यूब पार्टनर प्रोग्रॅमचं. आधीच सांगून टाकतो: वितरक म्हणून यूट्यूबला ५ पैकी ४, पैसे गोळा करून देणारा म्हणून ३, आणि निर्माता म्हणून भोपळा. शूटिंगच्या आधी तिथून छदाम मिळत नाही, आणि सिरीजला पैसा लागतो तो शूटिंगच्या आधीच.

दारात शिरायच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि १२ महिन्यांत ३००० तास पाहणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज). यात मेंबरशिप (चाहत्यांची महिन्याची वर्गणी), सुपर थँक्स (एखाद्या व्हिडिओसाठी प्रेक्षकानं दिलेली बक्षिसी) वगैरे उघडतं, जाहिरातींचे पैसे नाहीत. ते दुसऱ्या पायरीवर: १००० सबस्क्रायबर आणि ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज.

४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक भाग १२ मिनिटांचा आणि प्रेक्षक सरासरी ५ मिनिटं थांबतो असं धरलं, तर ४८ हजार व्ह्यूज लागतात. सहा भागांत वाटले तर भागाला ८ हजार. नाशिकच्या विषयावरच्या बऱ्या सिरीजला हे अशक्य नाही, पण पहिल्याच सीझनमध्ये ते जमेपर्यंत शेवटचा भाग येऊन गेलेला असतो. म्हणजे सिरीज ताजी असतानाचे व्ह्यूज बिनपैशांचे जातात. उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: सिरीजच्या आधी तीन-चार महिने त्याच चॅनलवर छोटे प्रसंग, एकपात्री, लोकेशनवरच्या गप्पा टाकून दार आधी उघडून ठेवायचं. गूगलला पैसे देऊन व्हिडिओची जाहिरात केली तर त्यातून आलेले तास मोजले जात नाहीत. शॉर्ट्सच्या फीडमधले तासही या ४००० मध्ये येत नाहीत. व्हिडिओ प्रायव्हेट केला किंवा काढून टाकला तर त्याचे तासही गेले.

आता जाहिरातींचा वाटा. लांब व्हिडिओवर ५५ टक्के चॅनलला, शॉर्ट्सवर ४५ टक्के. ऐकायला छान वाटतं. हिशोब मात्र आरपीएमवर करायचा, म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे यूट्यूबचा वाटा वजा जाऊन आपल्या पदरात काय पडतं त्यावर. दर हजार जाहिरातींमागे जाहिरातदार मोजतो तो सीपीएम, आणि तो आकडा बघून हुरळलेली मंडळी पुढे हात चोळत बसतात. हिशोबापुरता आरपीएम ४० रुपये धरा आणि सिरीजचा खर्च ३ लाख. वसुलीला ७५ लाख व्ह्यूज लागतील, म्हणजे प्रत्येक भागाला साडेबारा लाख. आरपीएम दुप्पट धरला तरी भागाला सव्वासहा लाख. यावरून काय ते समजा.

तरीही त्या उत्पन्नातला बराचसा भाग आपल्या हातात असतो, आणि तो निष्काळजीपणानं जातो. पहिली गोष्ट लांबी. ८ मिनिटं किंवा जास्त लांबीच्या व्हिडिओतच मध्ये जाहिराती लावता येतात. साडेसात मिनिटांचा भाग काढणं म्हणजे हातानं पैसे सोडणं. उलट ६ मिनिटांचा मजकूर ताणून ८ केला तर प्रेक्षक चौथ्या मिनिटाला पळतो, तेव्हा पटकथा लिहितानाच १० ते १४ मिनिटांची ठेवा. मधल्या जाहिरातींच्या जागा यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या पानावर) जाऊन स्वतः बघा. यंत्रावर सोडलं तर सासूचं वाक्य अर्धं तोडून साबणाची जाहिरात येऊ शकते. दोन प्रसंगांच्या मध्ये एक-दीड सेकंद काळा पडदा किंवा शांतता ठेवली की जागा नीट सापडते. हे एडिटरला आधीच सांगून ठेवायचं.

दुसरी गोष्ट आवाज, आणि इथे नाशिककरांनी कान टवकारावेत. रामकुंडावर किंवा गोदाघाटावर शूट केलं की मागे कुठल्यातरी स्पीकरवर आरती, भक्तिगीत चालू असतंच. आरती परंपरागत असली तरी ते ध्वनिमुद्रण एखाद्या म्युझिक कंपनीचं असतं, आणि कंटेंट आयडी, म्हणजे हक्काची गाणी हुडकणारी यूट्यूबची यंत्रणा, ते संवादांच्या मागूनही ओळखते. क्लेम, म्हणजे कंपनीचा हक्काचा दावा, आला की त्या भागाचे पैसे कंपनीकडे वळू शकतात. हरकत घ्यायची तर ५ दिवसांच्या आत घ्या, म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. नंतर घेतली तर हरकतीच्या दिवसापासूनचे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात, आणि भागाचा बहर तर पहिल्या आठवड्यातच असतो. म्हणून घाटावरचे संवाद पहाटे उरका, नाहीतर डबिंग करा. गणेशोत्सवात भद्रकालीत शूट करणार असाल तर डबिंगचा खर्च आधीच धरा.

याच जातीचा दुसरा घोळ घरातला असतो. शीर्षकगीत करणारा मित्र ते गाणं एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत सगळ्या म्युझिक ॲपवर टाकतो, डिस्ट्रिब्युटरच्या अर्जात कंटेंट आयडीच्या चौकटीवर टिक करतो, आणि मग तुमच्याच सिरीजच्या सहाही भागांवर क्लेम येतात. यात कुणाचीच बदमाशी नसते. संगीतकाराशी एक पानी लेखी करार करा: गाण्याचे हक्क कुणाचे, कंटेंट आयडीत टाकायचं की नाही, टाकलं तर आपलं चॅनल वगळायचं.

भाग प्रसिद्ध करायच्या दोन-तीन दिवस आधी प्रायव्हेट ठेवून चढवा. कॉपीराइट आणि जाहिरातयोग्यता, दोन्हींची तपासणी चढवतानाच होते. स्टुडिओत व्हिडिओपुढे डॉलरचं पिवळं चिन्ह दिसलं तर जाहिराती कमी किंवा बंद. त्यात शिव्या, मारहाण यांच्याबरोबर थंबनेल आणि शीर्षकही धरलं जातं. माणसाकडून फेरतपासणी मागता येते. एकदा प्रसिद्ध झाल्यावर फाइल बदलता येत नाही. फार तर तुकडा कापता येतो, आवाज काढता येतो. नवी फाइल म्हणजे नवी लिंक, आणि जुन्या लिंकवरचे व्ह्यूज गंगार्पण. आपल्याकडे गोदार्पण म्हणा.

मेंबरशिपचं कागदावरचं गणित बरं आहे: ७० टक्के आपले. पण आधी १८ टक्के जीएसटी जातो. ५९ रुपयांचा टप्पा ठेवला तर कराशिवाय ५० उरतात, त्यातले ३५ आपले. शंभर मेंबर म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. आयफोनवरून पैसे भरले तर ॲपलचा वाटाही त्याआधी जातो. पुढचा भाग दोन दिवस आधी दाखवणं हे आमिष चालतं, पण सिरीज सहा आठवड्यांची आणि मेंबरशिप महिन्यामागून महिना कापली जाणारी. शेवटचा भाग आला की लोक रद्द करतात. तेव्हा हा रोज-आठवड्याला काहीतरी टाकणाऱ्यांचा माल आहे, सिरीजवाल्यांचा नाही. सुपर थँक्स त्यापेक्षा बरं, कारण भाग आवडला त्या क्षणी माणूस एकदाच देतो.

पैसे हातात येण्याबद्दल तीन-चार गोष्टी. अॅडसेन्समध्ये (गूगल ज्यातून पैसे देतं त्या खात्यात) १० डॉलर झाले की पत्त्यावर पिन असलेलं साधं टपाल येतं. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागांत रो-हाउसचे पत्ते गोंधळाचे असतात. सोसायटीचं नाव, खूण आणि पिनकोड तसाच लिहा जसा तुमच्या पोस्टमनला कळतो. १०० डॉलर जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, लहान शाखेला तो स्वतःचा नसतो, परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा विचारून घ्या. परदेशी रक्कम जमा करण्याचं शुल्क आणि डॉलरचा दर बँकेगणिक वेगळा असतो, तोही आधी विचारा. कराचा अमेरिकी फॉर्म पॅन नंबरसह भरा. तो भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या उत्पन्नावर १५ टक्के कापतात. नाही भरला तर जगभरच्या उत्पन्नावर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. अमेरिकेतले मराठी प्रेक्षक हा किरकोळ मामला नव्हे, तिथल्या व्ह्यूजना दर आपल्यापेक्षा बराच चढा मिळतो. तिथे वाढलेल्या मुलांना आईबाबांबरोबर बघता यावं म्हणून इंग्रजी सबटायटल टाका, पण हातानं लिहिलेली.

मग ३ लाख आणायचे कुठून? स्थानिक प्रायोजकाकडून, आणि तेही नमुना दाखवून. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचा कोंब रुजून वाढताना कॅमेऱ्यात टिपला आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. पन्नास पानांची फाइल घेऊन कॉलेज रोडवर क्लासवाल्यांच्या केबिनबाहेर बसण्यापेक्षा दीड-दोन मिनिटांचा, खऱ्या कलाकारांसह शूट केलेला प्रसंग मोबाइलवर दाखवा.

३ लाखांची एक चालणारी मांडणी: मुख्य प्रायोजक सव्वा लाख, दोन सहप्रायोजक ५०-५० हजार, उरलेले ७५ हजार दीडशे लोकांकडून प्रत्येकी ५००. क्लासेस, बिल्डर, ई-स्कूटरचे विक्रेते, येवल्याचे पैठणीवाले, पिंपळगाव-निफाडकडचे बेदाणा निर्यातदार, मिसळवाले. दसरा-दिवाळीचा जाहिरातखर्च पावसाळ्यातच ठरतो, म्हणून जुलैत भेटा आणि कोजागिरीच्या आसपास पहिला भाग आणा. यूट्यूबचे जाहिरातदरही साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर चढे असतात, जानेवारीत आपटतात.

नाशिक म्हटल्यावर वायनरी सुचणारच. लोकेशन म्हणून द्राक्षमळा उत्तम, प्रायोजक म्हणून वाइन नको. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि बाटलीचं लेबल कॅमेऱ्यासमोर पैसे घेऊन फिरवणं ही जाहिरातच होते. मळ्यातला रिसॉर्ट राहण्या-जेवणाची सोय देणार असेल तर तेवढं घ्या.

फुकट मिळणाऱ्या वस्तूंनाही कर चिकटतो. प्रायोजकानं वर्षात २० हजारांहून जास्त किमतीची वस्तू दिली आणि ती तुम्ही ठेवून घेतली, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. शूटिंग झाल्यावर परत केली तर नाही. स्कूटर ‘वापरायला दिली’ की ‘दिली’, हे पत्रावर लिहून घ्या.

करारात: सही करताना ५० टक्के, रफ कट (कच्चं संकलन) दाखवल्यावर २५, भाग चढवताना २५. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, तिसरीला पैसे. त्याच धंद्यातला दुसरा प्रायोजक घेणार नाही, पण फक्त या सीझनपुरतं. व्ह्यूजची हमी कधीही नाही. आणि एक गोष्ट प्रायोजकाला पहिल्याच भेटीत सांगा: त्यानं थिएटरसाठी बनवलेली २० सेकंदांची फिल्म भागात जोडता येत नाही, यूट्यूबचा नियम आहे. सुरुवातीला ५ सेकंदांपर्यंत स्थिर पाटी चालते, वस्तू कथेत आली तर चालते. स्टुडिओत ‘पेड प्रमोशन’वर टिक करायची आणि वर्णनात प्रायोजकाचं नाव स्वच्छ लिहायचं. हे न केल्यास व्हिडिओ आणि प्रायोजक दोन्ही अडचणीत.

लोकांकडून घ्यायच्या ५०० रुपयांसाठी पेमेंट पेज पुरतं. रेझरपेसारख्या सेवेचा दर २ टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी, म्हणजे ५०० तले ४८८ रुपये २० पैसे हातात. लोकवर्गणी गोळा करून देणारं किकस्टार्टर भारतातल्या निर्मात्यांना खुलं नाही. चाहत्यांकडून महिन्याची वर्गणी घेऊन देणारं पेट्रिऑन परदेशातल्या चाहत्यांपुरतं ठेवा. भारतीय कार्डांवरचे आपोआप कापले जाणारे हप्ते रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे अडखळतात. मोबदल्यात श्रेयनामावलीत नाव, पहिल्या खेळाचं निमंत्रण द्या. ‘नफ्यात वाटा’ हा शब्द तोंडातून काढू नका. सर्वसामान्यांकडून असे पैसे उभे करणं सेबीच्या कचाट्यात नेऊ शकतं.

सीझन संपल्यावर चॅनल झोपवू नका. सहा महिने व्हिडिओ किंवा कम्युनिटी पोस्ट काहीच आलं नाही, तर यूट्यूब मॉनेटायझेशन काढून घेऊ शकतं, आणि दुसऱ्या सीझनचं लेखन, प्रायोजक, शूटिंग यांत सहा महिने सहज जातात. न वापरलेले प्रसंग, वाचनाची तालीम, कलाकारांच्या गप्पा असं महिन्याला एक तरी टाकायला शूटिंगच्या वेळीच वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून द्या.