बंदरावरील जुन्या जाळ्यांचे संकलन केंद्र: एका संपूर्ण हंगामाचा अनुभव

माझ्याकडे एक ट्रॉलर (जाळे ओढत नेणारी बोट) आणि गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याची, एक लहान होडी आहे. गेल्या 1 ऑगस्टला मासेमारी सुरू झाली, तेव्हाच दक्षिण कोकणातील आमच्या बंदरावर, लिलावाच्या शेडमागे, निकामी जाळी जमा करण्याचे केंद्र उघडले आणि 31 मेपर्यंत मी ते नियमित वापरले. त्याआधी फाटलेले तुकडे आम्ही सरळ समुद्रात सोडत असू. नायलॉन कुजत नाही. खलाशाच्या हातून सुटलेले जाळेसुद्धा मासे आणि कासवे अडकवीत राहते, हे ठाऊक असूनही आम्ही ते करीत होतो, याची मला खंत आहे.

केंद्रात नायलॉन, पॉलिथिलीन आणि दोरखंड यांसाठी तीन स्वतंत्र पिंजरे आहेत. नायलॉनला किलोवर पैसे मिळतात, पॉलिथिलीनची असलेली ट्रॉलची जाळी मात्र विनामूल्य घेतली जातात. सुरुवातीला मला हा अन्याय वाटला. नंतर कारण समजले: नायलॉन-6 रासायनिक प्रक्रियेने पुन्हा त्याच्या मूळ घटकापर्यंत, म्हणजे कॅप्रोलॅक्टमपर्यंत नेता येते आणि त्यापासून नवा धागा बनतो, पॉलिथिलीन मात्र बहुधा वितळवून त्याचे दाणेच केले जातात आणि त्यांना भाव कमी असतो.

पहिले दोन महिने आम्ही सर्वांनी सगळे एकत्र आणून टाकले, त्यामुळे खरेदीदाराने एक पूर्ण खेप परत पाठवली. नायलॉन-6 सुमारे 220 अंश सेल्सिअसला वितळते, तर पॉलिथिलीन 130 अंशांच्या आसपास, त्यामुळे मिसळलेला माल कोणाच्याच कामाचा राहत नाही. मग केंद्रावरील एका कामगाराने बादलीची युक्ती दाखवली: तुकडा पाण्यात नीट चुरगाळून, त्यातील हवा काढून सोडायचा, नायलॉन बुडते, पॉलिथिलीन तरंगते. हवा न काढल्यास नायलॉनही तरंगत राहते, ही चूक मी स्वतः अनेकदा केली. आता आमचा तांडेल (होडीचा प्रमुख) ही निवड होडीवरच करून घेतो, जाळ्याची शिसे आणि बोये (तरंगते गोळे) काढून ठेवतो, आणि ते पुढच्या जाळ्याला उपयोगी पडतात. माझ्या मते या व्यवस्थेचे यश पिंजऱ्यांपेक्षा होडीवरील या अर्ध्या तासावर अवलंबून आहे.

तक्रारी आहेत. जानेवारीत माल नेणारी गाडी तीन आठवडे आली नाही, पिंजरे ओसंडले आणि वाऱ्याने तुकडे पुन्हा जेटीखालच्या पाण्यात गेले. पिंजऱ्यांवर छप्पर नाही. जाळी ओली असल्यास वजनातून किती कापायचे, याचाही ठरलेला नियम नाही, त्यामुळे वाद होतात.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेळेची आहे. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरोघरी जाळी विणण्याचे, सांधण्याचे काम चालते. वर्षातील सर्वाधिक कापलेले तुकडे तेव्हाच निघतात, आणि नेमके तेव्हाच केंद्र बंद असते. जागेअभावी अनेक जण ते तुकडे परसातील कुंपणाला बांधतात. उन्हाने ते झिजून त्यांचे बारीक धागे पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत जातात. व्यवस्थापनाला मी लेखी विनंती केली आहे की, या दोन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस केंद्र उघडावे. उत्तर अद्याप आलेले नाही. नायलॉनच्या तीन गोण्या मी पडवीत कोरड्या ठेवल्या आहेत. केंद्र उघडताच पहिल्या दिवशी नेऊन देईन.