फ्रान्समधील शिक्षणावरची दादरची कार्यशाळा: शाळेपर्यंत उत्तम, शुल्कापाशी अडखळणारी

दादर पश्चिमेला एक शिक्षण मार्गदर्शन केंद्र पालकांसाठी फ्रान्समधील शिक्षणव्यवस्थेवर शनिवारची कार्यशाळा घेते. बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सर्व टप्पे मराठीतून समजावून दिले जातात, शुल्क अडीच हजार रुपये आहे आणि तेवढ्यात आईवडील दोघांनाही बसता येते. आमची मुलगी बारावीत आहे आणि तिने अकरावीपासून फ्रेंच घेतले आहे (मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत ही भाषा कशासाठी घेतली जाते, हे गुणपत्रिका पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको), म्हणून आम्ही दोघे गेलो. पहिल्या भागासाठी पैसे वसूल झाले. दुसऱ्या भागाबद्दल मात्र तक्रार आहे.

शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत फ्रेंच शिकवत असत, आणि ते जाणवते. फ्रान्समध्ये शाळा वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सक्तीची आहे. हा नियम २०१९ चा, त्याआधी सक्ती सहाव्या वर्षापासून होती, तरी तीन वर्षांची बहुतेक मुले तेव्हाही शाळेत जातच होती. एकोल मातेर्नेल या बालशाळेची तीन वर्षे सार्वजनिक व्यवस्थेत विनाशुल्क असतात आणि प्रवेश राहत्या भागानुसार मिळतो, मुलाची किंवा पालकांची मुलाखत होत नाही. हे ऐकताना सभागृहात जी चुळबुळ झाली तिचे कारण उघड होते, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी नर्सरीच्या प्रवेशासाठी देणगीची पावती फाडलेली होती. शाळेची इमारत नगरपालिकेची, तर शिक्षक राष्ट्रीय शिक्षण मंत्रालयाचे. वर्गात शिक्षकाच्या जोडीला नगरपालिकेची मदतनीस असते आणि सर्वांत लहान मुलांना दुपारी झोपवले जाते. अभ्यासक्रम देशभर एकच असल्यामुळे एसएससी की सीबीएसई हा आपल्याकडचा वाद तिथे उद्भवतच नाही.

त्यानंतर पाच वर्षांची प्राथमिक शाळा, चार वर्षांचे कोलेज (म्हणजे माध्यमिक शाळा) आणि तीन वर्षांचे लिसे (म्हणजे उच्च माध्यमिक शाळा). हा भाग बाईंनी झटपट संपवला, आणि बऱ्याच अंशी ते योग्यच होते. कोलेजच्या पहिल्या वर्षापासून इयत्ता उतरत्या क्रमाने मोजल्या जातात, त्यामुळे फळ्यावर ६, ५, ४, ३, २, १ असे आकडे आणि सर्वांत खाली 'तेर्मिनाल' (शेवटची इयत्ता) असे लिहिलेले पाहून मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी "म्हणजे पोरगं पुढे चाललंय की मागे?" असे विचारले. कोलेजच्या अखेरीस ब्रेव्हे ही परीक्षा असते आणि त्यानंतर सामान्य, तांत्रिक किंवा व्यावसायिक शाखा निवडावी लागते. या निवडीवर मुलाचे पुढचे बरेच काही ठरते, तरी तिच्याबद्दल दोनच वाक्ये ऐकायला मिळाली. खासगी शाळांविषयी तर चकार शब्द निघाला नाही. फ्रान्समधील दर सहा विद्यार्थ्यांपैकी साधारण एक विद्यार्थी अशा शाळेत शिकतो, आणि १९५९ च्या कायद्यानुसार सरकारशी करार केलेल्या खासगी शाळांतील शिक्षकांचा पगार सरकारच देते. आपल्या अनुदानित शाळांशी ओळख असलेल्या मराठी पालकाला हे दोन मिनिटांत समजले असते.

कार्यशाळेचा सर्वांत चांगला भाग म्हणजे लिसेच्या अखेरीस होणारी बाकालोरेआ ही परीक्षा, अर्थात बाक. नेपोलियनच्या काळात, १८०८ मध्ये, सुरू झालेल्या या परीक्षेचे आजचे रूप २०२१ चे आहे: ४० टक्के गुण वर्षभराच्या मूल्यमापनाचे आणि ६० टक्के अंतिम परीक्षांचे. फ्रेंचची परीक्षा एक वर्ष आधीच होते, शेवटच्या वर्षी दोन विशेष विषय असतात आणि वीस मिनिटांची एक मोठी तोंडी परीक्षाही असते. तत्त्वज्ञानाची चार तासांची लेखी परीक्षा विज्ञानाकडे ओढा असणाऱ्यांनाही चुकत नाही. त्यात एका प्रश्नावर निबंध तरी लिहायचा किंवा दिलेल्या उताऱ्याचे विवेचन तरी करायचे. एका वडिलांनी विचारले, "आमच्या मुलाला दहावीला ९४ टक्के आहेत, म्हणजे वीसपैकी साधारण एकोणीस ना?" बाई हसल्या नाहीत. वीसपैकी दहाला उत्तीर्ण, बाराला 'बऱ्यापैकी चांगले', चौदाला 'चांगले' आणि सोळाला 'फार चांगले' अशी श्रेणी मिळते, हे त्यांनी मांडून दाखवले आणि टक्क्यांचे सरळ रूपांतर करू नका असे बजावले. आठ ते दहाच्या दरम्यान अडकलेल्या विद्यार्थ्याला लगेच तोंडी परीक्षेची दुसरी संधी मिळते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

चहानंतर सूत्रे केंद्राच्या संचालकांकडे गेली आणि कार्यशाळेचा सूर बदलला. बाकनंतरच्या वाटा त्यांनी सांगितल्या खऱ्या: विद्यापीठात तीन वर्षांची लिसांस ही पदवी, दोन वर्षांची मास्टर आणि पुढे डॉक्टरेट, दुसरीकडे दोन वर्षांचे पूर्वतयारी वर्ग आणि स्पर्धा परीक्षा यांतून मिळणारा ग्रांद-एकोल या निवडक उच्च शिक्षणसंस्थांचा प्रवेश. १७९४ मध्ये स्थापन झालेली एकोल पोलितेक्निक हे त्यांचे लाडके उदाहरण होते. फ्रान्समधील मुले २०१८ पासून पार्कुरसुप या संकेतस्थळावर अर्ज करतात, हे सांगताच अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाने पोळलेल्या पालकांनी माना डोलावल्या. मात्र विद्यापीठात शिरणे तुलनेने सोपे आणि टिकणे अवघड असते, पहिल्या वर्षातून थेट दुसऱ्या वर्षात जाणारे जेमतेम निम्म्याच्या आसपास असतात, हा मुद्दा निसटत्या उल्लेखावर भागवला गेला.

खरी गडबड पुस्तिकेच्या शुल्काच्या पानावर आहे. त्या तक्त्यात वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढचे शुल्क असणाऱ्या खासगी व्यवस्थापन संस्था ओळीने दिल्या आहेत आणि सार्वजनिक विद्यापीठांसमोर केवळ 'विचारणा करावी' असे छापले आहे. वास्तविक युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ मध्ये पदवीला वर्षाला २,७७० आणि मास्टरला ३,७७० युरो असे शुल्क ठरले. नंतर ते थोडे वाढले असले तरी अनेक विद्यापीठे त्यात सूट देत आली आहेत आणि डॉक्टरेटला हे दर लागूच नाहीत. त्या खासगी संस्थांकडून केंद्राला मोबदला मिळतो का, असे एका आईने सरळ विचारले. त्यावर "तो व्यवसायाचा भाग आहे" एवढेच उत्तर मिळाले. मोबदला घेणे गैर नाही, पण मग तक्त्याच्या वर तसे छापायला हवे.

फ्रेंचमधून पदवी घ्यायची तर बहुतेक ठिकाणी बी-दोन ही भाषाज्ञानाची वरची पातळी लागते आणि बारावीचे फ्रेंच तिच्या जवळपासही पोहोचत नाही, हे मी विचारल्यावर बाईंनीच मान्य केले. संचालकांना ते आधी सांगावेसे वाटले नाही.

शेवटी सव्वा लाखाच्या 'संपूर्ण प्रवेश सेवे'चे अर्ज वाटले गेले. व्हिसाच्या आधी भारतीय विद्यार्थ्याला कॅम्पस फ्रान्सच्या प्रक्रियेतून जावेच लागते, तिथली मुलाखत त्याची त्यालाच द्यावी लागते आणि या फ्रेंच सरकारी संस्थेचे कार्यालय मुंबईतही आहे. त्यामुळे आम्ही तो अर्ज भरला नाही. ज्यांची मुले आठवी-नववीत आहेत आणि ज्यांना ही व्यवस्था मुळापासून समजून घ्यायची आहे, त्यांनी चहापर्यंत जरूर बसावे. ज्यांना यंदाच अर्ज करायचा आहे, त्यांनी विद्यापीठांची संकेतस्थळे आधी चाळून, शुल्काचे आकडे सोबत घेऊन जावे आणि बाईंना मध्यंतरात गाठावे.