सांबऱ्याचं विमान: तिकीट पोर्टलवरून काढावं, कंपनीकडून की गल्लीतल्या एजंटकडून?

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मोजकीच विमानं सुटतात. बेत बदलला किंवा कंपनीने वेळ बदलली, तर मुंबईसारखं ‘हे नाही तर पुढचं’ इथे होत नाही. चोर्ला घाटातून गोवा गाठा, नाहीतर हुबळी किंवा कोल्हापूर धरा. म्हणून भाडं बघतानाच तिकीट रद्द करावं लागलं तर काय, हेही बघून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

पोर्टल, म्हणजे अनेक विमान कंपन्यांची तिकिटं विकणारी साइट, स्वस्त दिसतं. बँकेच्या कार्डावर दोन-अडीचशेची सूट मिळते, सगळ्या कंपन्यांची भाडी एका जागी दिसतात. पण रद्द करताना दोघे पैसे कापतात, विमान कंपनी आपले आणि पोर्टल आपले. समजा तिकीट 4,800 रुपयांचं. त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार 4,000, बाकी 800 कर आणि विमानतळाची शुल्कं. कंपनीने 3,500 कापले तर 1,300 उरतात. त्यातून पोर्टलने आपले 300 घेतले की हातात हजार. बुकिंगच्या वेळी सुविधा शुल्क म्हणून वेगळे भरलेले पैसेही बहुधा परत येत नाहीत. तेच तिकीट कंपनीच्या साइटवरून काढलं असतं, तर पोर्टलचे 300 वाचले असते. सुरुवातीची सूट इथेच संपली. तारीख बदलतानाही असंच: कंपनीचं शुल्क, नव्या-जुन्या भाड्यातला फरक आणि वर पोर्टलचं शुल्क. स्वस्त तिकीट असेल, तर कधीकधी बदलण्यापेक्षा ते रद्द करून नवीन काढणं परवडतं. दोन्ही आकडे समोर ठेवूनच बटण दाबावं.

पैशापेक्षा मला जास्त बोचतं ते दुसरंच. पोर्टलच्या बुकिंगमध्ये कंपनीकडे तुमचा मोबाइल नंबर असेलच असं नाही, कधी पोर्टलचाच असतो. माझ्या आत्याचं बेंगळुरूचं तिकीट पुण्याच्या भाच्याने पोर्टलवरून काढलं होतं. विमानाची वेळ अलीकडे आली, आणि निरोप तिच्यापर्यंत पोचलाच नाही. ती खानापूरहून सांबऱ्याला पोचली तेव्हा काउंटर बंद झालं होतं. कंपनी म्हणाली, एजंटशी बोला. पोर्टल म्हणालं, कंपनीने मंजुरी दिली तर बघू. सत्तरीची बाई बॅग घेऊन बाकावर बसून होती. पैसे सात आठवड्यांनी आले, तेही कंपनीला नियम दाखवून लेखी तक्रार केल्यावर.

तो नियम सगळ्यांना ठाऊक असायला हवा. तिकीट एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हे तिचे नेमलेले प्रतिनिधी आहेत, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात आहे. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं किंवा तुम्ही विमानाला पोचलाच नाहीत, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायला हवीत. पुष्कळ लोक हे पैसे मागतच नाहीत. मात्र पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने येतात: कंपनीकडून पोर्टलच्या खात्यात आणि तिथून तुमच्याकडे. उशीर होतो तो या मधल्या टप्प्यात. पोर्टल ‘वॉलेटमध्ये लगेच’ असं सुचवतं, तिथे मूळ खातं निवडावं.

म्हणून बेत हलण्याची शक्यता असेल, म्हणजे घरात आजारपण असेल, परीक्षेची किंवा कोर्टाची तारीख असेल, तर थेट कंपनीच्या साइटवरूनच काढा. शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील. तारीख पक्की असेल आणि भाड्यात खरोखर मोठा फरक असेल, तेव्हाच पोर्टल. पण बुकिंग झालं की कंपनीचा पीएनआर (तिकिटावरचा कंपनीचा बुकिंग नंबर) घेऊन तिच्या साइटवर जा आणि स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवता येतो का बघा. पोर्टलचा बुकिंग नंबर वेगळा असतो, तो तिथे चालत नाही.

वडीलधाऱ्यांसाठी मी ओळखीचा गावातला एजंट निवडेन. तोही पैसे घेतो, पण अडचणीच्या वेळी मराठीत बोलणारं माणूस समोर असतं. रद्द केलं तर किती पैसे कापले जातील हे आधी विचारून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि नंबर प्रवाशाचाच घालायला सांगा.

दुबई-मस्कतला जाणाऱ्यांनी एक जास्त बघावं. पोर्टल कधी सांबरा–बेंगळुरू एका कंपनीचं आणि पुढचं दुसरीचं अशी दोन सुटी तिकिटं जोडून विकतं. पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि तिचे पैसेही बहुतेक बुडतात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तरच घ्या.

पैसे अडलेच तर आधी कंपनीला ईमेल, मग सरकारचं एअरसेवा हे तक्रारीचं पोर्टल किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानेही झालं नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. कंपनीचं ऑफिस गुडगावात असलं तरी तुम्ही बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज द्या.